एल साइनोची हिवाळी फेरी

१९ जून

आबेलिनोचा, माझ्या नवऱ्याचा, शोध आज थांबवला. मुकादम बार्रिया दारात येऊन म्हणाला, घळीत बर्फ छातीपर्यंत आलाय, माणसांना आणखी राबवण्यात अर्थ नाही. सप्टेंबरात वितळला की आबेलिनो आपोआप वर येईल. ‘आपोआप’ हा त्याचा शब्द.

सहा माणसं दोन दिवस कुंपणाच्या सळ्या बर्फात खुपसत फिरली. मी त्यांना माते, आमचा कडू पाल्याचा चहा, करून दिला, चरबीत रोट्या तळून दिल्या. खाताना एकानेही मान वर केली नाही. सगळ्यांनाच लागलंय.

त्याची क्वाड, चार जाड चाकांची मोटारसायकल, मोठ्या रस्त्याकडेला सापडली, तहानेने मेलेल्या दिफुंताच्या देवळीपाशी, जिथे ट्रकवाले थांबून नवसाच्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात. मशीनवर मेंढीचं कातडं पांघरलेलं होतं, चारी बाजूंनी दोरीने आवळलेलं. पेट्रोलचा कॉक बंद होता. मुकादम म्हणतो, गारठ्यात इंजिन सीझ झालं असणार, मग तो पायी निघाला आणि वाऱ्यात वाट चुकला. तसल्या वादळात, बोटं वाकत नसताना, त्याने मशीन झाकली, गाठी मारल्या, कॉक बंद केला. मरणाच्या दारातसुद्धा माणूस नीटनेटका. हे मी सगळ्यांना सांगितलं. मुकादमाची बायको त्रान्सितो तोंडावर हात धरून बाहेर गेली.

गावात जायचे बूट घालून गेला होता. त्यांचा तळवा जाड आहे, बर्फात बरे म्हणून.

२२ जून

मुकादमाने विचारलं, रिओ गायेगोसला बहिणीकडे कधी जाणार. मी म्हटलं, तो सापडल्याशिवाय जाणार नाही. बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून मी त्याची वाट बघू शकत नाही. तो इथे कुठेतरी आहे आणि मी इथे असायला हवं.

मुकादम मग म्हणाला, मेंढपाळाची ही चौकी रिकामी ठेवता येणार नाही. पाणवठ्यावरचा बर्फ फोडायचा, रुतलेल्या मेंढ्यांना वाट करून द्यायची, आडव्या पडलेल्या उभ्या करायच्या. ही फेरी कुणीतरी करायलाच हवी, आणि जूनच्या कडक हिवाळ्यात एल साइनोला यायला कुणी पुरुष तयार होत नाही. घोडे तर इस्टेटीने केव्हाच विकले. "तुम्ही फेरी केलीत, तर बर्फ वितळेपर्यंत राहा. क्वाड आहेच."

मी म्हटलं, मला चालवता येत नाही. तो म्हणाला, शिकाल. क्वाड त्याच्या पिकअपमध्येच होती, येताना घेऊनच आला होता. माझ्या मनातलं माझ्या आधी ओळखलं. मी त्याचा हात धरून आभार मानले. त्याने हात लगेच सोडवून घेतला. पुरुषांना असलं जमत नाही.

२६ जून

नोलास्को शिकवायला आला. तो पलीकडच्या चौकीवर एकटा असतो. त्याच्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणतो आणि मी त्याला कोंपाद्रे. शोधणाऱ्या सहांत तोही होता.

त्याने कॉक उघडला, चोक ओढला, थोड्या किका मारल्या आणि मशीन निळा धूर सोडत सुरू झाली. मी म्हटलं, सीझ झालेली मशीन इतक्यात सुरू झाली, देवाची कृपा. तो म्हणाला, "देवाला टू-स्ट्रोकमधलं कळतं म्हणायचं." मग बराच वेळ तो उगाचच चेन बघत बसला.

त्याची शिकवणी अशी: "हिला सकाळी म्हाताऱ्या नवऱ्यासारखं वागवायचं. आधी खोकू द्यायचं, मग जरा जागेवर घुटमळू द्यायचं, आणि मगच कामाचं बोलायचं. उठल्या उठल्या दामटलंत तर जागच्या जागी मान टाकेल." इंजिनवर हात ठेवायचा. हात ठेववेनासा झाला की निघायचं. त्याआधी रेस दिली तर पिस्टन आधी फुगतो, बाहेरची भिंत थंडच असते, आणि तो आत धरला जातो.

पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं ते स्वयंपाकघरात, चुलीपासून लांब पण उबेत. बाहेर तेल मधासारखं घट्ट होतं आणि तळाशी बसतं. घरभर वास राहतो. आबेलिनोच्या कोटाला हाच वास होता. आज भाकरीलासुद्धा आला आणि मी ती सावकाश खाल्ली.

२ जुलै

मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक सापडलं. आबेलिनोने ते कधी उघडलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. मी चुलीच्या वाफेवर धरून सोडवली.

वाचायला मी भिंतीवर शिकले. या चौकीच्या फळ्यांतून वारा येऊ नये म्हणून जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत, थरावर थर. लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून भिंत वाचायला लागले. बातम्यांचे शेवट बहुतेक वेळा खिडकीच्या चौकटीत गेलेले असायचे. आबेलिनो चेष्टा करायचा, म्हणायचा, म्हातारे, आज भिंत काय म्हणते. मी त्याला रोज सांगायचे.

या पुस्तकाला निदान शेवट आहे.

९ जुलै

तीन दिवसांपूर्वी एकटीने पहिली फेरी केली. कोटाच्या आत छातीवर वर्तमानपत्र, हँडलच्या दोन्ही मुठींवर प्लॅस्टिकचे कापलेले कॅन, त्यांत हात. नोलास्कोने बसवून दिले. इंजिनच्या तोंडाशी अर्धं कातडं. पूर्ण झाकलं तर तापतं, उघडं ठेवलं तर कधी तापतच नाही.

ला कोहा टेकडी उतरताना सगळे करतात तेच केलं. गिअर टाकून रेस पूर्ण बंद, म्हणजे पेट्रोल वाचतं. नोलास्कोनेही तसंच शिकवलं होतं. अर्ध्या उतारावर इंजिनचा आवाज कोरडा झाला, मागची चाकं एकदम धरली गेली, आणि मशीन आडवी होऊन मला घेऊन खाली सरकत गेली. काटेरी झुडपात अडकून थांबलो. गुडघा सुजलाय. क्लच दाबल्यावर चाकं सुटली, पण इंजिन गार होऊन सुटायला तासभर लागला.

घरी येऊन पुस्तक काढलं. लिहिलंय की तेल पेट्रोलबरोबरच आत जातं. उतारावर रेस बंद ठेवली की पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद, आणि पिस्टन तर जोरात चाललेलाच असतो. क्लच दाबून उतरायचं आणि मधूनमधून रेस द्यायची.

नोलास्कोला सांगितलं तर हसला. "पुस्तकाने कधी मेंढ्या राखल्यात?" पण मी त्याला काल ला कोहा उतरताना लांबून पाहिलं. मधूनमधून रेस देत होता.

११ जुलै

बोटं फुटली. लिहवत नाही.

१८ जुलै

प्रत्येक फेरीला एक सळी बरोबर नेते. जिथे बर्फाला उंचवटा दिसतो तिथे थांबून खुपसते. आज काहीतरी मऊ लागलं. हातांनी उकरलं. मेंढी होती, पोटात कोकरू असलेली. तो नाही म्हणून मला किती बरं वाटलं, आणि मग तो नाही म्हणूनच किती वाईट वाटलं.

आकाशात कारांचो ससाणे घिरट्या घालताना दिसले की तिकडे वळते. ते मेलेल्याची वाट बघत नाहीत. आडवी पडलेली मेंढी उठू शकत नाही हे कळलं की आधी डोळे काढतात. देवा, आबेलिनो आधीच गार झालेला असू दे, एवढंच मी मागते.

त्रान्सितो दर रविवारी पाव पाठवते. मुकादम घेऊन येतो, मेंढ्यांची विचारपूस करतो, आणि विचारतो, "काही सापडलं?" नाही म्हटलं की मान हलवतो. कुणीतरी अजून त्याची चौकशी करतं, हे बरं वाटतं.

२९ जुलै

आज मरता मरता वाचले आणि ते माझ्याच मूर्खपणाने.

तळ्याच्या काठी बर्फ फोडायला थांबले तेव्हा मनात आलं, आबेलिनो करायचा तसं नीट करावं. म्हणून उतरल्यावर कॉक बंद केला. काम आटपून आले तर कॉक फिरेना. पेट्रोलमध्ये थोडं पाणी असतंच, ते आत गोठलं होतं. पक्कड लावली असती तर मोडला असता. वारा वाढत होता. हाताने धरून बसले, तोंडाची वाफ दिली, शेवटी मातेसाठी थर्मासात आणलेलं सगळं गरम पाणी त्यावर ओतलं. सुटला. पण मग प्यायला गरम काही उरलं नाही, आणि घरी पोचले तेव्हा मला माझे पाय शोधावे लागले.

३१ जुलै

नोलास्को आला. त्याला तळ्यावरची गोष्ट सांगितली. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "कोमाद्रे, हिवाळ्यात फेरीवर कॉक कोण बंद करतं? इथलं शेंबडं पोरसुद्धा करणार नाही. परत यायचं नसतं, तोच बंद करतो."

मग त्याचं हसू गेलं.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो मातेच्या भांड्यात बघत राहिला. भांडं रिकामं होतं, तरी त्याने नळी ओढली. मग उठला, म्हणाला कोल्ह्यांचे सापळे बघायचे आहेत, आणि गेला. त्याच्याकडे सापळे नाहीत.

 दुपारभर मी पुस्तकातलं एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं. ‘यंत्र बराच काळ उभं ठेवायचं असल्यास कॉक बंद करावा, कार्बोरेटर रिकामा करावा, झाकून ठेवावं.’ त्याने पुस्तक कधी उघडलं नव्हतं. पण हे त्याला येत होतं.

२ ऑगस्ट

मुकादम गायेगोसला गेल्याचं कळलं, म्हणून क्वाडवरून त्यांच्या घरी गेले. त्रान्सितो पीठ मळत होती. मला बघून म्हणाली, "बस पोरी, पाणी तापलंच आहे."

मी बसले नाही. विचारलं, "आबेलिनो कुठल्या ट्रकने गेला?"

तिने मळणं थांबवलं नाही. गोळा उलटा केला, परत दाबला.

"मासळीच्या," ती म्हणाली. "देसेआदो बंदराला. तिथे एक आहे. कारखान्यात मासे सोलते. दोन वर्षं झाली."

 मी विचारलं, मग त्या सहा माणसांनी दोन दिवस सळ्या कशाला खुपसल्या.

"तू बघत होतीस ना."

मग तिने सगळं सांगितलं, एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. आबेलिनोने मुकादमाला आधीच सांगितलं होतं. मुकादम चिडला, ऐन हिवाळ्यात माणूस कुठून आणू, म्हणाला. मग त्यानेच युक्ती काढली. टाकलेली बाई दुसऱ्या दिवशी बहिणीकडे निघून जाईल. विधवा थांबेल. त्यातून प्रेत सापडायचं असेल, तर नक्की थांबेल.

"आणि मला म्हणशील तर," त्रान्सितो म्हणाली, "मला तुझ्यासाठीही हेच बरं वाटलं. टाकलेलीच्या दारी पाव घेऊन कोण जातं? विधवेच्या दारी जातात."

मी विचारलं, तो माझ्याबद्दल काय म्हणाला.

तिला सांगायचं नव्हतं. मी उभीच राहिले.

"म्हणाला, तिला काय सांगायचं ते सांगा."

निघताना तिने एक पाव कापडात बांधून दिला. मी घेतला. चांगला झाला होता.

३ ऑगस्ट

फेरी केली. ला कोहाच्या मागे एक मेंढी आडवी, अंगावरची लोकर गोठून जड झालेली. कारांचोंनी डोळे नेले होते, अजून श्वास चालू होता. सुरी फिरवली. मान धरली तेव्हा ती माझ्याकडे झुकली, कुणी मदतीला आलं असं तिला वाटलं.

सळी घरी ठेवली होती.

१२ ऑगस्ट

लोकांना वाटेल मी रडत असेन. रडते, पण आधीसारखीच, त्याच वेळी, त्याच गोष्टींना. कोट तसाच टांगलेला आहे. आधी ज्याच्यासाठी रडत होते तो माणूस मेलेलाच आहे. देसेआदोला कुणीतरी दुसरा असेल.

एवढंच की आता रडून झालं की भूक लागते.

मशीन चांगली चालते. प्लग मी स्वतः काढून पुसते. कोरड्या थंडीत हवा दाट होते आणि पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरा दिसायला लागतो. पुस्तकात त्याचा उपाय आहे. कार्बोरेटरमधलं छोटं पितळी जेट बदलून मोठ्या भोकाचं बसवलं. नोलास्को बघायला आला आणि काही न बोलता परत गेला. तो हल्ली माझ्यासमोर फार बसत नाही.

२३ ऑगस्ट

मुकादम आला. म्हणाला, ऑक्टोबरात चौकीवर नवीन कुटुंब येणार आहे, नवरा, बायको आणि दोन घोडे. मी आता बहिणीला कळवायला हरकत नाही.

मी म्हटलं, "पण आबेलिनो अजून सापडला नाही."

तो म्हणाला, "नाही, पण."

मी म्हटलं, "बर्फ वितळेपर्यंत, असा शब्द होता. वितळला की आपोआप वर येईल, असं तुम्हीच म्हणालात. सापडला की पुरेन, मग बघू."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला कळलंय की नाही, हे त्याला कळेना. मी डोळे पुसले. त्याने मान हलवली, नेहमीसारखी. या हिवाळ्यात एकही मेंढी त्याच्या अंदाजापेक्षा जास्त मेली नाही, हे त्याला मोजून माहीत आहे. तरी मी जायचं.

वीस हिवाळे या भिंती वाचल्या. आता ही मशीन मला येते, हे कुरण मला येतं. गायेगोसमध्ये मी काय वाचू?

७ सप्टेंबर

उतारावरचा बर्फ काळा पडायला लागला. घळीत एक म्हातारा मेंढा सापडला, हिवाळाभर गाडलेला. क्वाडला दोर बांधून ओढून आणला. उचलताना वाटलं, वजन साधारण तेवढंच आहे.

शेडमधल्या फळ्या काढून पेटी केली. आबेलिनो हातोडा कुठे ठेवायचा ते आजवर मला सापडायचं नाही. आज सापडला.

मेंढ्याला आबेलिनोच्या कोटात गुंडाळलं. बाह्या पुरल्या नाहीत, पण आत कोण बघणार. कोट देताना हात अडला, हे खरं. मग दिला. खिळे दाट मारले.

१० सप्टेंबर

ट्रकवाल्याबरोबर गायेगोसच्या रेडिओला चिठ्ठी पाठवली होती. आज दुपारी रानातल्या लोकांसाठीच्या निरोपांत वाचली. आधी कुणाच्या तरी सुनेला मुलगी झाली, मग कुणाची तरी घोडी हरवली, मग: "एल साइनो चौकीच्या ओतिलिया मान्सिया कळवतात की त्यांचे पती आबेलिनो यांचा देह सापडला आहे. दफन रविवारी. सर्वांनी यावे."

हा रेडिओ समुद्रापर्यंत ऐकू जातो.

१४ सप्टेंबर

सगळे आले. न येऊन कसं चालेल? सहाच्या सहा माणसं, त्यांच्या बायका, लांबच्या चौक्यांवरचे लोकसुद्धा. बायकांनी पाव आणले, एक अख्खं मेंढरू भाजायला आणलं. ज्यांना माहीत नव्हतं ते रडले. ज्यांना माहीत होतं ते त्यांच्यापेक्षा जास्त रडले.

मी म्हटलं, पेटी उघडणार नाही, कारांचोंनी काही ठेवलं नाही. नोलास्को भिंतीला टेकला. मुकादमाने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पेटीकडे. पेटीला वास येत होता. मी म्हटलं, ज्यांनी त्याला इतक्या मनापासून शोधलं, त्यांनीच त्याला खांदा द्यावा. मुकादम पुढे.

टेकाडावर जमीन अजून टणक होती, खड्डा मी आधीच विस्तव पेटवून पेटवून खणला होता. चढाला माणसांना धाप लागली. मी मागून चालत होते, म्हटलं, "हळू, त्याला धक्के सोसायचे नाहीत." नोलास्कोच्या तोंडून असा आवाज आला की मला कळेना तो हसतोय की काय. रडत होता.

त्रान्सितोने माळ जपली. मृताच्या आत्म्यासाठी सगळ्यांनी उत्तर दिलं. मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. खाली जे होतं त्याच्यावर माती टाकताना मला मोकळं वाटलं नाही, फक्त काम पूर्ण झाल्यासारखं वाटलं.

जेवताना, सगळे बसलेले असताना, मी मुकादमाला म्हटलं की विधवा बाई नवऱ्याच्या थडग्यापासून कुठे जाणार. हिवाळाभर फेरी मी केली, हे सगळ्यांनी पाहिलंय. चौकी माझ्याकडेच राहू द्या. बायकांनी माना हलवल्या. एक म्हातारी म्हणाली, "अहो, एवढं तरी कराच, मुकादम. त्या बिचाऱ्याकडे बघून तरी." मुकादमाच्या तोंडात मांस होतं. ते बराच वेळ चावल्यावर तो हो म्हणाला, सगळ्यांच्या देखत.

जाताना त्याने मला शेडमागे गाठलं. दबक्या आवाजात विचारलं, "आणि तो आला तर?"

मी म्हटलं, "कोण?"

२५ सप्टेंबर

हिवाळ्याने जाता जाता मागे वळून पाहिलंय. सकाळपासून दक्षिणेचा वारा, ला कोहावर नवीन बर्फाखाली जुना निसरडा बर्फ. याच दिवसांत माणसं चुकतात. त्यांना वाटतं थंडी संपली, आणि कातडं, सळी, फावडं घरी ठेवून निघतात. मी सगळं घेतलं. इंजिनला हात भाजेपर्यंत तापू दिलं.

मोठ्या रस्त्याकडची बाजू बघून परतत होते. ला कोहाच्या चढाला लागले, दुसऱ्या गिअरमध्ये, रेस एकसारखी, अंग पुढे झुकवून. अर्ध्या चढावर एक माणूस होता. खांद्याला पिशवी, डोक्याला गावातली टोपी, पायात गावातले बूट. दर पावलाला घसरत होता. आवाज ऐकून वळला आणि त्याने हात वर केला.

तो बारीक झालाय. दाढी केलेली होती.

"म्हातारे," तो म्हणाला. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठ मला वाचता येतात. मग आणखी काहीतरी म्हणाला, हसत, हात पसरून, बघ मी काही मेलो नाही असं काहीतरी असेल. रेडिओ ऐकून आला असणार.

निसरड्या चढावर रेस सोडता येत नाही. सोडली की चाकं जागा सोडतात, मशीन मागे येते, आणि बसणारा तिच्याखाली जातो. पुस्तकात हे ठळक अक्षरांत आहे. थांबायचं असेल तर चढ सुरू व्हायच्या आधी नाहीतर संपल्यावर.

मी रेस सोडली नाही. त्याच्या इतक्या जवळून गेले की मागच्या चाकाचा बर्फ त्याच्या अंगावर उडाला. चढ संपला तिथे सपाट जागा आहे. तिथे थांबता आलं असतं.

वारा पाठीवर होता. खाली उतरताना क्लच दाबून, मधूनमधून रेस देत उतरले. घरी पोचेपर्यंत टेकडी दिसेनाशी झाली होती.

२६ सप्टेंबर

बर्फ. दाराबाहेर दिसत नाही. फेरी नाही. भाकरी केली, भिंतीवरचं न्हाणीजवळचं पान पुन्हा वाचलं.

२८ सप्टेंबर

सकाळी आभाळ उघडलं. मुकादम आला, पिकअप फाटकापाशी ठेवून पायी आला. आत या म्हटलं तर आला नाही. म्हणाला, परवाच्या वादळाआधी मोठ्या रस्त्यावर ट्रकमधून कुणी उतरलं, असं ड्रायव्हर सांगत होता. एल साइनोच्या दिशेने गेलं म्हणे. फेरीवर मला कुणी दिसलं का?

मी म्हटलं, "मेंढ्या दिसल्या."

तो ला कोहाकडे बघत होता. बर्फ तिच्यावर सारखा पसरला होता, कुठे उंचवटा नाही. त्याचा चेहरा एकदम म्हातारा वाटला. म्हणाला, "माणसं बोलवून शोधायला हवं."

"बोलवा की," मी म्हटलं. "मी रोट्या तळते. पण कुणाला शोधायचं म्हणून सांगाल?"

त्याने तोंड उघडलं. नाव त्याच्या जिभेवर होतं, मला दिसत होतं.  मग त्याने ते गिळलं.